मांडीवरचा खिसा

डायव्हिंगच्या त्या दुकानात पुढच्या बाजूला काच, रंगीत फोटो आणि हसरी माणसं होती. मागच्या बाजूला मावशी होती. मागची खोली म्हणजे एक शिलाई मशीन, एक लांब टेबल, गोंदाचा डबा आणि छताखालच्या नळीला टांगलेले रबरी सूट. ओले सूट रांगेने टांगले की लांबून वाटावं, दहा-बारा माणसं आपापली डोकी घरी विसरून आली आहेत. या बिनडोक मंडळींची शुश्रूषा मावशीकडे. कुणाचा गुडघा फाटलेला, कुणाची चेन अडकलेली, कुणाची मान उसवलेली. नऊ वर्षं ती हे करत होती, आणि नऊ वर्षांत तिने समुद्रात गुडघ्याच्या वर पाय बुडवला नव्हता.

रबर शिवणं म्हणजे कापड शिवणं नव्हे. सुई आरपार गेली की भोक पडलं, आणि भोक पडलं की पाणी आत. म्हणून आधी दोन्ही कडांना गोंद लावायचा, दहा मिनिटं हात न लावता थांबायचं, मग कडा जुळवायच्या आणि सुई निम्म्या जाडीतूनच वळवून आणायची. घाई केली की शिवण सुटते. मावशीची शिवण सुटली असं त्या दुकानात कुणी ऐकलं नव्हतं.

आणि या सगळ्या डागडुजीत तिचं स्वतःचं म्हणावं असं एकच काम होतं: गाइड लोकांच्या सुटाला उजव्या मांडीवर बसवलेला खिसा. अरुंद, वीतभर लांब, वर झडप. त्यात स्टीलची एक पातळ कांडी बसायची. कांडी कशाला, असं तिने पहिल्याच वर्षी विचारलं होतं. मालक म्हणाला होता, पाण्याखाली हाका मारता येत नाहीत, तेव्हा पाठीवरच्या हवेच्या टाकीवर या कांडीने टकटक करायचं, म्हणजे पाहुणे वळून बघतात. मावशीला ते फार आवडलं होतं. पाण्यातली घंटाच की ती. त्या घंटेसाठी तिने खिशाच्या तळाला आपणहून दुहेरी अस्तर लावलं, टोक रुतू नये म्हणून. कुणी सांगितलं नव्हतं. काम म्हटलं की तिला देवाला फूल वाहिल्यासारखं वाटायचं, आणि फूल काही कुणी सांगून वाहत नाही.

मालकाला सगळे कप्तान म्हणत. टोपी तशी होती, मिशा तशा होत्या. फक्त बोट हलायला लागली की कप्तान लिंबू हुंगत बसायचा.

गाइडांमध्ये एक होती चिऊ, मावशीच्या धाकट्या बहिणीची मुलगी. बहीण गेली तेव्हा चिऊ सहावीत होती. तेव्हापासून दोघींचं एकच घर, एकच कपाट आणि रोज एकच भांडण, पंखा किती नंबरवर ठेवायचा याचं. चिऊ आता चोवीस वर्षांची झाली होती आणि या हंगामाअखेर तिला डायव्हिंग शिक्षिकेचा परवाना मिळायचा होता. अर्जावर कप्तानची सही तेवढी बाकी होती.

दुकान सोमवारी बंद असे. अशाच एका सोमवारी चिऊने मावशीला धरलंच. म्हणाली, नऊ वर्षं सूट शिवतेस आणि ते घालून लोक काय बघतात ते तुला ठाऊक नाही. मिठाईच्या दुकानात बसून आयुष्यभर उपास करणारी बाई आहेस तू. मावशीने तीन भंगार सूट जोडून स्वतःपुरता एक केला होता. बाह्या निळ्या, पोट काळं, एक मांडी तांबडी. तो घालून ती धक्क्याच्या पायऱ्या उतरायला लागली तेव्हा चिऊ पोट धरून हसली. आज मासेच तिकीट काढून येतील, म्हणाली.

जुन्या धक्क्याखाली पाणी गळ्याइतकं आणि स्वच्छ होतं. मावशीने मास्क लावला, नळी दातात धरली, तोंड पाण्यात घातलं आणि तसंच बाहेर काढलं. चार वेळा असं झालं. पाचव्या वेळी चिऊने तिचा हात हातात घेतला आणि श्वासाची लय सांगितली, मशीनच्या पायडलसारखी, ना जोरात ना हळू. त्या लयीने मावशीला जमलं. ती पाण्यावर पालथी तरंगायला लागली आणि खाली जग उघडलं.

आधी दिसल्या त्या नळीच्या माकल्या. मासळीबाजारात माकल्या दोन तऱ्हेच्या मिळतात, एक लांबट नळीसारखी आणि दुसरी रुंद, पाठीत पांढरी पाटी असलेली. पण टोपलीत दोघींचं एकच रूप, पांढरं आणि लिबलिबीत. मावशीने आजवर ते तेवढंच पाहिलं होतं. इथे वीस-बावीस नळ्या एका ओळीत अधांतरी थांबल्या होत्या, दोऱ्याच्या रिळांसारख्या, अंगातून पलीकडचं पाणी दिसेल इतक्या नितळ, आणि त्या नितळपणात तांबूस ठिपके पेटत-विझत होते. मग कुणीतरी खूण केल्यासारख्या सगळ्या एकदम मागे सरकल्या. वळल्या नाहीत, तोंड आपल्याकडेच ठेवून मागे गेल्या, मोठ्यांच्या समोरून आदबीने मागे सरावं तशा.

चिऊने बोटाने खाली दाखवलं. धक्क्याच्या खांबाला एक जुना जाड दोर बांधलेला होता आणि त्याच्याजवळ एक दगड होता. मावशी दगडाकडे बघत राहिली. आणि तिच्या डोळ्यांदेखत त्या दगडाने कापड बदललं.

आधी खरखरीत गोणपाट होतं. ते क्षणात गुळगुळीत झालं, मलमलीसारखं. मग त्यावर पट्टे आले, आणि ते आले तसे थांबले नाहीत, चालू लागले, डोक्याकडून मागे, दुकानदाराने ठाण उलगडत जावं तसे. सगळ्या अंगाभोवती झालर, आणि झालर एक क्षण थांबेल तर शपथ. ती रुंद माकली होती. पाठीत पाटीवाली. तिने मावशीकडे बघितलं. तिचं बुबुळ गोल नव्हतं, वाकड्या टाक्यासारखं होतं. मावशीने आयुष्यात हजारो वार कापड हाताळलं होतं. कुठल्या गिरणीत हे निघत नाही, हे तिला तिथल्या तिथे कळलं. विणणारा वेगळाच, आणि त्याने हे मागावरून उतरवून इथे, या गळाभर पाण्यात, जुन्या धक्क्याखाली ठेवून दिलं होतं, कुणी बघो न बघो.

शेजारी तिचा नर राखणीला होता. माकलीने हातांच्या जुडग्यातून एक काळा टपोरा दाणा पुढे आणला, द्राक्षाएवढा, आणि त्याचा देठ दोराला दोनदा वळवून पक्का बसवला. बटण लावताना आपण शेवटी खाली दोरा फिरवतो ना, अगदी तसा. दोरावर असे सात दाणे होते. मावशी बघत असताना आठवा झाला.

वर आल्यावर चिऊने तिच्याकडे निरखून बघितलं. ‘मास्कमध्ये पाणी गेलं का गं?’

‘बाहेरून नाही,’ मावशी म्हणाली.

पायऱ्यांवर बसून चिऊने तिला सांगितलं की या माकलीला वर्ष-दीड वर्षाचंच आयुष्य असतं. अंडी घालायची ती एकदाच, याच दिवसांत. ती घातली की संपलं. मावशीने विचारलं की अंडी पुरी झाली असतील का. चिऊ म्हणाली, छे, अजून कितीतरी घालेल, आठवडाभर येईल ती त्याच दोराकडे. मावशीने मनात त्या आठवड्याला हात जोडले.

मंगळवार आणि बुधवार मावशीने सूट शिवले ते दोराकडे मन ठेवून. गुरुवारी तिने कप्तानकडे हट्ट धरला की पाहुण्यांबरोबर मलाही एक फेरी न्या. कप्तान खुशीत होता. दुकानाबाहेरच्या काळ्या पाटीवर त्याने मोठ्या अक्षरांत लिहून ठेवलं होतं: रंग बदलणारी माकली, रोज दर्शन, नाही दिसली तर पुढची फेरी फुकट. मावशी या पाटीसमोरून नऊ वर्षं जात-येत होती. ‘रोज’ हा शब्द समुद्राच्या बाबतीत कसा काय लिहितात, हे तिला कधी सुचलं नव्हतं. देव सुद्धा रोज दर्शन देईन असं लिहून देत नाही.

सहा पाहुणे होते, दोन गाइड. एक चिऊ, दुसरा मिशीवाला तरणा गडी, ज्याला सगळे पेंग्विन म्हणत. मावशी कडेने तरंगत राहिली. बोट जुन्या धक्क्याशीच थांबली होती, आणि दोराजवळ माकली होती. मावशीने बटणं मोजावीत तशी अंडी मोजली: तेवीस. माकली दगडाच्या रंगाची होऊन चोविसाव्याच्या तयारीत होती.

पाहुण्यांना काही दिसेना. ते इकडेतिकडे माना वळवत होते. तेव्हा चिऊ श्वास भरून खाली गेली. तिचा उजवा हात मांडीशी गेला, झडप वर झाली आणि कांडी बाहेर आली.

मावशीला वाटलं, आता टाकीवर टकटक. मग तिच्या लक्षात आलं की चिऊच्या पाठीवर टाकी नाहीच. स्नॉर्कलच्या, म्हणजे नळी दातात धरून तरंगायच्या फेरीत टाकी कुणाच्याच पाठीवर नसते.

कांडीचं टोक माकलीच्या कुशीत गेलं. माकली पांढरीफटक पडली, पाठीवर दोन काळे डाग उठले, पुढचे दोन हात तिने वर केले. पाहुण्यांचे कॅमेरे पुढे झाले. ती सरकली तशी पलीकडून पेंग्विनने आपली कांडी लावली. पट्टे, ठिपके, गोणपाट, मलमल, एकावर एक, एकात एक. सोमवारी जे शांतपणे उलगडलं होतं ते आता कुणी ठाण ओरबाडून फरफटत न्यावं तसं निघत होतं. नर मध्ये आला, त्यालाही टोचलं. मग पाण्यात तिच्याच आकाराचा एक काळा ढग राहिला आणि ती गेली. हातातला दाणा सुटला. तो हळूहळू खाली गेला, वाळूवर एकदा उडाला आणि पडून राहिला.

पाहुण्यांनी अंगठे वर केले. चिऊने कांडी खिशात घातली आणि झडप नीट लावली, मावशीने शिकवली होती तशी.

बोटीवर एका पाहुण्याने विचारलं की परत एकदा करता येईल का, त्याच्या बायकोच्या फोटोत नुसता धूर आला होता. चिऊ हसून उद्या या म्हणाली.

दुकानामागच्या अंगणात, सूट धुवायच्या हौदापाशी, मावशीने तिला गाठलं.

‘कांडी टकटकीला होती ना?’

‘टकटक पण करतो,’ चिऊ म्हणाली.

मग मावशी पेटली. नऊ वर्षं साठलेलं काही नव्हतं, सगळं त्या एका सकाळचं होतं, पण ते पुरलं. तिने विचारलं, बाळंतिणीला कुणी ऊठ, नाचून दाखव, म्हणतं का. विचारलं, सोमवारी पायऱ्यांवर बसून तिच्या आयुष्याचं गणित मला सांगणारी तूच ना. चिऊने आधी समजुतीने घेतलं. आम्ही मारत नाही, नुसतं हलवतो, म्हणाली. निवांत बसलेली माकली पाहुण्यांना दगडच वाटते, मग कप्तानच्या पाटीवर त्यांचा विश्वास कसा बसणार. मग तीही चिडली. म्हणाली, सही कप्तानची हवी आहे, तुझी नाही. हंगाम संपेपर्यंत मुकाट्याने काम करू दे, परवाना झाला की मी माझ्या पद्धतीने शिकवीन.

‘तोवर ती असेल का गं?’ मावशी म्हणाली. ‘तिला पुढचा हंगाम नाही.’

चिऊ हौदातल्या पाण्याकडे बघत राहिली आणि निघून गेली. त्या संध्याकाळी घरात पंख्यावरून भांडण झालं नाही. तो कुठल्या नंबरवर होता हे दोघींनाही आठवलं नसतं.

मावशीचा राग चिऊवर होता, कप्तानवर होता, फोटोतल्या धुरावर होता. पण सगळ्यात जास्त जळत होतं ते अस्तर. टोक रुतू नये म्हणून आपणहून लावलेलं दुहेरी अस्तर. आपल्या सुटाच्या रबराला ते टोक लागू नये याची एवढी काळजी तिने घेतली होती, आणि ते दुसरीकडे कुठे रुततं हे नऊ वर्षांत विचारलं नव्हतं. सांगणाऱ्याने खोटं सांगितलं हे खरं. पण टाकीवर टकटक करायला टोकदार कांडी कशाला हवी, हे शिवणाऱ्या बाईला कळू नये?

शुक्रवारी ती कप्तानकडे गेली. त्याने सगळं ऐकून घेतलं, मान हलवत, लहान मुलाचं ऐकतात तसं. समुद्र मोठा आहे, म्हणाला, एक गेली तर दुसरी येते. आणि बरं झालं आलात, पुढच्या महिन्यात लांब कांड्या यायच्या आहेत, तेवढे खिसे जरा बघून घ्या.

‘बघते,’ मावशी म्हणाली.

शनिवारी दुपारी सगळे फेरीवर असताना गाइडांचे जादा सूट तिने टेबलावर घेतले. संध्याकाळी उरलेले आले, तेही घेतले. एकूण अकरा. प्रत्येक झडप उलटून आत गोंद लावला, दहा मिनिटं थांबली, कडा दाबल्या आणि टाका घातला, जवळजवळ, दुहेरी, जसा मानेच्या शिवणीला घालतात. दहा खिसे झाले. अकरावा चिऊचा. तो तिने हातात घेतला, गोंदाचा ब्रश बुडवला आणि परत डब्यात ठेवला. मग सूट तसाच टांगला, खिसा उघडा ठेवून.

रविवारी सकाळी गाइड लोक सूट घालून मांड्या चाचपू लागले. हातात कांडी धरणं जमेना. एका हातात पाहुण्यांचा दोर, दुसऱ्या हातात पोहता न येणारा पाहुणा. पेंग्विनने कांडी बाहीत खोचून बघितली, वाकला तशी ती कोपरात घुसली आणि तो विव्हळला. लागलं का रे, असं मावशीने आतून अगदी प्रेमाने विचारलं. तो कोपर चोळत कांडीकडे बघत राहिला.

कप्तान मागच्या खोलीत आला तेव्हा त्याच्या मिशा थरथरत होत्या. हे खोला, म्हणाला. मावशीने सांगितलं की माझी शिवण खुलत नाही, कापावं लागेल, आणि कापलं की सूट गेला. सोमवारी नवी शिवणारी बघतो, कप्तान म्हणाला.

‘बघा की,’ मावशी म्हणाली. ‘पण कांडी कशाला आहे ते तिला खरं सांगा. मला खोटं सांगून शिवून घेतलंत तुम्ही.’

कप्तानने सुटांच्या रांगेकडे बघितलं आणि त्याचा चेहरा खुलला. चिऊचा सूट अजून तिथेच टांगलेला होता आणि त्याचा खिसा उघडा होता. त्याने चिऊला सगळ्यांदेखत शाबासकी दिली, एक तरी शहाणी निघाली म्हणाला, आज तू पुढे हो आणि परत आलीस की अर्ज घेऊन ये. चिऊने मावशीकडे बघितलं. मावशी सुईत दोरा ओवत होती. दोरा तीनदा चुकला.

बोट गेली. मावशीने आपला टेप, कात्री, सुयांचा डबा असं एकेक पिशवीत भरलं. जप करायला बसली तर देवाचं नाव ओठांवर येईना, कांडीच डोळ्यांपुढे येत होती. देवा, तिच्या हातातली ती वस्तू माझ्या शिवणीतून निघते, एवढंच पुनःपुन्हा मनात येत होतं, आणि ही काही प्रार्थना नव्हती, तक्रार होती.

बोट वेळेआधी परतली. पुढच्या बाजूने पाहुण्यांचे वैतागलेले आवाज आले, मग कप्तानचा. मावशी दारापर्यंत गेली. चिऊ ओल्या सुटासकट रस्त्यावरच्या काळ्या पाटीसमोर उभी होती. तिने कप्तानची अक्षरं तळहाताने पुसली होती आणि खडूने, ठसठशीत, शाळेतल्यासारखं लिहीत होती: आज माकली दिसली नाही. आम्ही तिला रोज टोचत होतो, म्हणून ती गेली.

जाणारे-येणारे थांबून वाचत होते. कप्तानने धावत येऊन बाहीने ते पुसलं. पण चिऊचे हात ओले होते, खडू ओल्या पाटीत मुरला होता, आणि पुसल्यावर सुद्धा ‘टोचत होतो’ एवढं स्वच्छ वाचता येत होतं.

चिऊ मागच्या खोलीत आली. तिने सूट उतरवून टेबलावर टाकला. कांडी त्यात नव्हती. सकाळी निघतानाच चिऊ ती गल्ल्यावर ठेवून गेली होती, कप्तानच्या टोपीशेजारी.

‘किती आहेत?’ मावशीने विचारलं.

‘तेवीसच.’

‘आणि ती?’

चिऊने मान हलवली. ‘पाऊण तास थांबले मी, मावशी. हात बांधून, नुसती तरंगत. सोमवारी थांबलो होतो तसं. दोर तेवढा हलत होता.’

मावशीला तिला जवळ घ्यावंसं वाटलं आणि तिने घेतलं नाही. राग अजून होता, आणि तो असायलाच हवा होता. तेवीस दाण्यांना तशीही आई मिळणार नव्हती, पण जे दाणे कधी दोरावर बसलेच नाहीत त्यांचा हिशोब कुठल्या पाटीवर लिहायचा.

‘अर्ज?’

‘फाडला त्याने.’

मावशीने पिशवीतून सुयांचा डबा परत बाहेर काढला. सूट सरळ केला, उजव्या मांडीवरची झडप उलटली आणि गोंदाचा ब्रश चिऊच्या हातात दिला. चिऊने दोन्ही कडांना गोंद लावला, पातळ, सगळीकडे सारखा, आणि लगेच कडा दाबायला गेली.

‘थांब,’ मावशी म्हणाली. ‘दहा मिनिटं. हात लावायचा नाही.’

दोघी टेबलाच्या दोन बाजूंना बसल्या, उघड्या खिशाकडे बघत.